‘जरा बघून ठेव’ म्हणजे नेमकं काय करू? न्यूरोडायव्हर्जंट सहकाऱ्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या आसपासचे कारखाने आणि ऑफिसं मिळून एचआरच्या कामात मला १७ वर्षं झाली. ४१व्या वर्षी मला स्वतःला एडीएचडी (लक्ष टिकवणं, काम सुरू करणं, एका जागी थांबणं जड जाणारी मेंदूची ठेवण) असल्याचं कळलं. ते मी लपवलं नाही, त्यामुळे या विषयावरचे प्रश्न आपोआप माझ्या टेबलावर येऊ लागले. कुणी कँटीनमध्ये विचारतं, कुणी रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर, कुणी ट्रेनिंग संपल्यावर दाराशी घुटमळत. जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते इथे घेतले आहेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत.

न्यूरोडायव्हर्जंट म्हणजे नक्की कोण? याला मराठी शब्द नाही का?

लक्ष देण्याची, वाचण्या-लिहिण्याची, समोरच्याचं बोलणं समजून घेण्याची, आवाज आणि उजेड सोसण्याची ज्यांची रीत लहानपणापासूनच बहुतेकांपेक्षा वेगळी असते, अशी माणसं. ऑटिझम (इतरांशी बोलण्या-वागण्याची आणि आवाज-उजेड जाणवण्याची वेगळी रीत), एडीएचडी, डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमता (वाचणं-लिहिणं जड जाणं), डिस्प्रॅक्सिया (हालचालींचा मेळ न बसणं), टूरेट सिंड्रोम (आपोआप होणारे झटके आणि आवाज) हे सगळं सहसा यात धरतात. एकाच माणसात यातलं दोन-तीन असणं नेहमीचं आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या नियमावलीनुसार २०१३ पर्यंत ऑटिझम आणि एडीएचडी यांचं निदान एकत्र करता येत नव्हतं, म्हणून जुन्या फायलींत एकच काहीतरी लिहिलेलं सापडतं.

‘न्यूरोडायव्हर्सिटी’ हा शब्द १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात ऑटिस्टिक लोकांच्या इंटरनेटवरच्या गटांतून पुढे आला. ऑस्ट्रेलियाच्या ज्युडी सिंगर यांचं नाव त्याच्याशी जोडलं जातं. ‘न्यूरोडायव्हर्जंट’ हा कसियान असासुमासु यांचा, २०००च्या सुमाराचा. मराठीत ऑटिझमला ‘स्वमग्नता’ म्हणतात, सरकारी कागदांवरही तोच शब्द आहे. मला तो खटकतो. स्वतःतच मग्न, म्हणजे इतरांशी देणंघेणं नाही, असा त्यातून वास येतो, आणि माझ्या ओळखीच्या ऑटिस्टिक माणसांना इतरांची चिंता जरा जास्तच असते. ऑफिसात मात्र वेगळाच मराठी शब्द चालतो: ‘सर्किट आहे तो.’ हे निदान कुठल्याही डॉक्टरशिवाय पाच मिनिटांत होतं आणि माणूस निवृत्त होईपर्यंत टिकतं.

हा आजार आहे का? गोळ्यांनी बरा होतो?

नाही. एडीएचडीसाठी औषधं आहेत, काहींना ती चांगली लागू पडतात, पण ती मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यायची. ऑटिझम किंवा डिस्लेक्सिया ‘बरा करणारी’ गोळी नाही. तसं सांगून पैसे घेणाऱ्यांपासून लांब राहा. तुमच्या हाताखालचा माणूस औषध घेतो की नाही, ही चौकशी मॅनेजर म्हणून तुमची नाही.

आमच्या ऑफिसात असं कोणी नाहीच. मग हे वाचायचं कशाला?

तुमच्याकडे असा कोणी आहे का, ज्याला एक्सेलच्या चारशे ओळींतली एक चूक लांबून दिसते पण लिफ्टमध्ये तुम्ही भेटलात तर तो जिन्याने जातो? किंवा अशी कोणी, जिचं प्रत्येक काम शेवटच्या रात्री होतं आणि उत्तम होतं? मेल लिहायची वेळ आली की घाम फुटतो आणि ‘फोनवरच बोलू ना सर’ म्हणतो, असा? आहे ना? आता यांची यादी करून शिक्के मारत बसू नका. निदान करणं तुमचं काम नाही, माझंही नाही. एवढंच ध्यानात घ्या की बहुतेकांकडे कागद नसतो, अनेकांना स्वतःलाही माहीत नसतं. म्हणून खाली जे सांगितलं आहे ते कागद मागण्याआधीच, सगळ्यांसाठी सुरू करता येतं.

मॅनेजर म्हणून एकच गोष्ट बदलायची असेल तर कुठली?

मोघम बोलणं.

मी ज्या कंपनीत होते तिथल्या क्वालिटी विभागात तिशीतला एक इन्स्पेक्टर होता. ऑटिस्टिक. हे आम्हाला फार नंतर कळलं. व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) हातात घेतला की दोन तास मान वर करायचा नाही, आणि त्याने पास केलेला माल ग्राहकाकडून परत आल्याचं मला आठवत नाही. एकदा ग्राहकाचं ऑडिट होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला, हेल्मेट काढता काढता सुपरवायझर त्याला म्हणाला, “उद्याची ती कॅलिब्रेशनची फाइल जरा बघून ठेव.” मापं घ्यायची साधनं, म्हणजे गेज, बरोबर माप दाखवतात याची सर्टिफिकेटं त्या फाइलमध्ये असतात.

त्याने फाइल काढली. पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत बघितली. कपाटात ठेवली. घरी गेला.

सकाळी ऑडिटरने फाइल उघडली तर दोन गेजची सर्टिफिकेटं नाहीत. सुपरवायझरचा पारा चढला. “तू काल बघितली होतीस ना?” “हो. दोन सर्टिफिकेटं नव्हती.” “मग सांगितलं का नाहीस?” “तुम्ही बघून ठेव म्हणालात.” कारखान्यातल्या सगळ्या विभागासमोर आपली थट्टा झाली असं सुपरवायझरला वाटलं. दुपारी ‘उद्धट वर्तन’ म्हणून मेमो टाइप झाला. त्या मेमोवर सही माझी आहे.

तो थट्टा करत नव्हता. त्याला जे सांगितलं ते त्याने अक्षरशः केलं होतं. ‘बघून ठेव’ या दोन शब्दांत आपण चार कामं कोंबली होती: तपास, काय नाही ते लिही, ते मिळव, नाही मिळालं तर मला आजच सांग. आपल्याला ती चार कामं ऐकू येतात, कारण आपण अशाच घरांत आणि ऑफिसांत वाढलो. ‘वेळ मिळाला की कर’ म्हणजे आत्ता कर. ‘जमलं तर ये’ म्हणजे ये. ‘काय ते तू बघ’ म्हणजे मी रागावलोय. ‘आपण बोलू यावर’ म्हणजे नाही. आपलं अर्धं ऑफिस या न बोललेल्या बोलण्यावर चालतं, आणि ते ज्याला ऐकू येत नाही त्याला आपण उद्धट, बावळट किंवा आळशी ठरवतो.

तेव्हा काम सांगताना चार गोष्टी उच्चारा: काय, कितपत, कधीपर्यंत, आणि अडलं तर कुणाला सांगायचं. वरचंच वाक्य असं म्हणता आलं असतं: “कॅलिब्रेशनच्या फाइलमध्ये सगळ्या १४ गेजची सर्टिफिकेटं आहेत का ते तपास. नसलेल्यांची नावं मला आज सहाच्या आत व्हॉट्सअ‍ॅप कर.” अर्धा मिनिट जास्त लागला असता. तोंडी सांगितलंत तरी मागून दोन ओळी लिहून पाठवा.

आणि टोमणे. उशिरा आलेल्याला “आज लवकर आलात!” म्हणण्यात आपल्याकडे कोण आनंद असतो. पुण्यात तर ती कला मानतात. ज्याला तो टोमणा कळतच नाही तो “हो, आज बस लगेच मिळाली” म्हणतो, आणि सगळे हसतात. उशिराबद्दल बोलायचं असेल तर उशिराबद्दल बोला.

हे बदललं की फायदा फक्त ऑटिस्टिक माणसाला होत नाही. त्या विभागात नवे लागलेले डिप्लोमावाले पोरगेही माझ्याकडे येऊन म्हणाले होते, “मॅडम, साहेबांना नक्की काय पाहिजे असतं ते आम्हालाही कळत नाही, पण आम्ही हो म्हणतो.”

तो नजरेला नजर देत नाही, चहाला येत नाही. माज आहे का?

अनेक ऑटिस्टिक माणसांना डोळ्यांत बघणं आणि ऐकणं एकाच वेळी जमत नाही. नजर खाली घातली की ऐकू नीट येतं. चहाच्या टपरीवर सहा जण एकावेळी बोलतात, मागे गाड्यांचे हॉर्न, आणि विषय दर दहा सेकंदाला बदलतो. तिथे उभं राहणं हे त्यांच्यासाठी काम असतं, आणि सुट्टीत काम कोण करेल?

ब्रिटनमधले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की ही अडचण दुहेरी आहे. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन वाचता येत नाही असं आपण म्हणतो, पण इतरांनाही त्याचं मन कुठे वाचता येतं? वरच्या सुपरवायझरकडेच बघा. समोरचा माणूस सरळ उत्तर देतोय हे त्यालाही वाचता आलं नाही, मलाही नाही.

हल्ली मोबाईलमुळे सगळ्यांनाच एडीएचडी झालाय. हे कारण म्हणून वापरतात का लोक?

रील बघून लक्ष विचलित होणं वेगळं. एडीएचडीचं निदान करताना लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधी होती का हे बघतात, आणि ती घर, काम अशा एकाहून जास्त ठिकाणी आड येतात का हेही. माझ्या निदानाच्या वेळी डॉक्टरांनी शाळेची प्रगतिपुस्तकं मागितली होती. चौथीपासून दहावीपर्यंत प्रत्येकावर एकच शेरा निघाला: ‘हुशार आहे पण लक्ष नाही.’ सात वर्षांत सहा वेगवेगळ्या बाईंनी तेच लिहिलं होतं. तेव्हा घरात मोबाईल सोडा, लँडलाइनही नव्हता.

कारण म्हणून कुणी वापरत असेलही. पण ज्यांना खरोखर आहे ते बहुधा कारण देत नाहीत. ते लाजतात, रात्री जागतात आणि काम निभावून नेतात, एक दिवस ते कोसळेपर्यंत.

मग एडीएचडी असलेल्याला वेळेत काम करायला कसं लावायचं?

आधी माझंच सांगते. माझे प्रवासखर्चाचे व्हाउचर एकदा ११ महिने ड्रॉवरमध्ये पडून होते. पैसे माझेच होते. दर आठवड्याला मी ड्रॉवर उघडायचे, गठ्ठा बघायचे, बंद करायचे. ज्याला हे कधी झालं नाही त्याला हे सांगून पटत नाही. काम कठीण नव्हतं. ते सुरू करायची कळ सापडत नव्हती.

सुटलं कसं? अकाउंट्समधल्या एक ताई दर शुक्रवारी चारला त्यांचा लॅपटॉप घेऊन माझ्या समोर बसू लागल्या. त्या त्यांच्या नोंदी करायच्या, मी माझे व्हाउचर. बोलायचं काही नाही. तीन शुक्रवारांत गठ्ठा संपला. इंग्रजीत याला बॉडी डबलिंग म्हणतात. आपल्या आज्या पापड लाटायला एकमेकींकडे जायच्या, त्यात आणि यात फार फरक मला दिसत नाही.

बाकी उपाय साधे आहेत. ‘महिनाअखेरीला रिपोर्ट’ असं सांगण्याऐवजी दर मंगळवारी तीन ओळींचा आढावा मागा. लांबची तारीख या मेंदूला दिसतच नाही, जवळची दिसते. एकावेळी पाच कामं सुनावू नका, पाचांतलं पहिलं कुठलं ते सांगा. दीड तासाच्या मीटिंगमध्ये उभं राहू द्या, हातात काहीतरी चाळा करू द्या. आणि कामात पुरता बुडालेला दिसला तर “एक मिनिट” म्हणून खांद्यावर थाप मारू नका. ते एक मिनिट तुमचं असतं. त्याचा पाऊण तास जातो.

डिस्लेक्सिया तर मुलांना असतो ना?

मुलं मोठी होतात आणि तुमच्याकडे नोकरीला लागतात.

आपल्या ऑफिसांत आणखी एक गुंता आहे. चर्चा हिंदीत होते, मेल इंग्रजीत जातो आणि सरकारी पत्र मराठीत येतं. देवनागरीत उच्चार आणि अक्षर यांचा मेळ बऱ्यापैकी असतो, त्यामुळे काहींचं मराठी वाचन बरं निभावतं. जोडाक्षरं आणि वेलांट्या तेवढ्या घात करतात. इंग्रजीत मात्र स्पेलिंगला धरबंद नाही, तिथे तोच माणूस उघडा पडतो. उलटही पाहिलं आहे: संगणकाने इंग्रजी चुका झाकल्या, मराठी पत्रात ऱ्हस्व-दीर्घाने दगा दिला, आणि वरिष्ठांनी पत्र लाल करून नोटीस बोर्डावर लावलं. शुद्धलेखनावर आपलं फार प्रेम. त्या प्रेमापायी किती जणांनी लिहिणंच सोडलं असेल कोण जाणे.

अशा सहकाऱ्याला मीटिंगमध्ये अचानक कागद देऊन मोठ्याने वाचायला लावू नका. फळ्यावर लिहायला उभं करू नका. मजकूर आदल्या दिवशी द्या. वर्डमध्ये वाचून दाखवायची सोय असते, फोनमध्ये बोलून लिहायची असते, दोन्ही आता मराठीतही चालतं. व्हॉइस नोटने रिपोर्ट दिला तर बिघडत नाही, कामाचा मुद्दा त्यात आला म्हणजे झालं. आकड्यांचं पत्रक असेल तर एक ओळ सोडून एक फिकट रंगवा.

आवाज, उजेड, वास याबद्दल एवढं काय?

काहींच्या मेंदूला चाळणी कमी असते. तुम्हाला जी ट्यूबलाइट नुसती लागलेली दिसते ती त्यांना फडफडताना दिसते आणि गुणगुणताना ऐकू येते. एसीचा झोत, प्रिंटरची घरघर, रूम फ्रेशनर, शेजारच्या टेबलावर उघडलेला सुकटाचा डबा. दुपारी तीनपर्यंत मेंदू थकून गेलेला असतो आणि काम अजून सुरूच व्हायचं असतं.

उपाय बहुतेक फुकट आहेत. जागा बदलून द्या: पाठ भिंतीला, येण्याजाण्याच्या वाटेवर नको, प्रिंटरपासून लांब. हेडफोन लावले तर ‘गाणी ऐकतोय’ म्हणून हिणवू नका. डोक्यावरची एक ट्यूब काढून टेबलदिवा द्या. ऑफिसच्या गणपतीत ढोल वाजणार असेल तर वेळ आधी कळवा आणि त्या तासाला घरून काम करायची मुभा द्या. देवाला त्याचं काही वाटत नाही, हे मी खात्रीने सांगते.

“त्यालाच का? आम्हालाही हेडफोन पाहिजेत,” असं बाकीचे म्हणाले तर?

द्या की त्यांनाही.

मेल्टडाउन झाला, म्हणजे सगळं असह्य होऊन माणूस एकदम कोसळला, तर काय करायचं?

हा राग किंवा नाटक नसतं, सहनशक्ती संपलेली असते. गर्दी हटवा, दिवे-आवाज कमी करा, शांत खोली दाखवा. न विचारता हात लावू नका. “काय झालं, काय झालं” असे प्रश्न विचारू नका, त्या वेळी शब्दच सापडत नसतात. पाण्याची बाटली जवळ ठेवा. कुणाला बोलावू का, एवढंच विचारा, आणि मान हलवून उत्तर दिलं तरी चालेल असं सांगा. दुसऱ्या दिवशी त्यावर कँटीनमध्ये चर्चा होणार नाही याची जबाबदारी तुमची. त्रास वारंवार होत असेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी मोफत सेवा १४४१६ या नंबरवर मराठीतही बोलते.

ऑटिस्टिक लोक गणितात आणि कोडिंगमध्ये जीनियस असतात ना? आम्हाला तसे दोन हवेत.

हा प्रश्न मला खरोखर आला आहे, ‘दोन’ या आकड्यासकट.

काही असतात, बहुतेक नसतात. डेन्मार्कमध्ये थॉर्किल सॉन यांनी २००४ मध्ये स्पेशलिस्टर्ने ही संस्था काढली, ऑटिस्टिक लोकांना सॉफ्टवेअर तपासणीसारखी कामं देणारी. पुढे २०१३ मध्ये एसएपी या सॉफ्टवेअर कंपनीने जगभर तसा कार्यक्रम सुरू केला, आणि त्याची आधीची चाचणी बेंगळुरूच्या ऑफिसात झाली होती. ते चांगलंच झालं. पण त्यातून एक समजूत पसरली की ऑटिस्टिक म्हणजे कोडिंग. मुंबईत जुहूला कॅफे अर्पण आहे, तिथे ऑटिझम आणि इतर विकासात्मक अक्षमता असलेली मोठी माणसं स्वयंपाकघरात आणि टेबलांवर काम करतात. ते जीनियस म्हणून तिथे नाहीत. आपल्यासारखेच कामाला येतात, पगार घेतात. ज्याला नोकरी हवी त्याने आधी चमत्कार करून दाखवावा, ही अट आपण बाकी कुणाला घालत नाही.

मुलाखत कशी घ्यावी?

‘स्वतःबद्दल काहीतरी सांगा’ हा प्रश्न काढून टाका. काहीतरी म्हणजे काय? कुठून? किती वेळ? प्रश्न एक दिवस आधी पाठवा. सगळ्याच उमेदवारांना पाठवा म्हणजे कुणाला स्वतःचं निदान उघड करावं लागणार नाही. मुलाखतीला किती जण बसतील, खोली कुठली, किती वेळ लागेल हेही कळवा. आणि शक्य तिथे प्रत्यक्ष काम करून बघू द्या. वेल्डर घेताना आपण वेल्ड मारून घेतो, अकाउंटंट घेताना मात्र त्याच्या हस्तांदोलनाची पकड बघतो.

कायदा काय सांगतो? खाजगी कंपनीला लागू होतो का?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा मुख्य कायदा, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५च्या जुन्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती, यात २१ आहेत. त्यांत ऑटिझम आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत, बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजारही आहेत. एडीएचडीचं नाव यादीत नाही. ही मोठी फट आहे आणि ती मला व्यक्तिशः बोचते.

सरकारी आस्थापनांत किमान ४ टक्के जागा राखीव असतात. त्यांतला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविध अपंगत्व या सगळ्यांचा मिळून आहे. त्यासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. खाजगी कंपन्यांना आरक्षण नाही.

म्हणून खाजगीला काहीच नाही असं समजू नका. प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं आहे, त्यात खाजगीही आल्या. २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्या धोरणात काय सोयी आहेत, कुठली पदं योग्य आहेत, संपर्क अधिकारी कोण हे लिहावं लागतं. तुमच्या कंपनीचं धोरण कुठे आहे, एचआरला विचारून बघा. मी विचारलं तेव्हा पहिल्यांदा मला महिलांच्या तक्रार समितीचा कागद मिळाला होता.

कायद्यातला सगळ्यात कामाचा शब्द ‘वाजवी सोय’. म्हणजे त्या माणसाला इतरांच्या बरोबरीने काम करता यावं म्हणून केलेला, मालकावर अवाजवी बोजा न टाकणारा बदल. भेदभावाच्या व्याख्येतच वाजवी सोय नाकारणं धरलेलं आहे. आणि सोयीसाठी ४० टक्क्यांची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार खटल्यात ११ फेब्रुवारी २०२१ ला स्पष्ट केलं. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या उमेदवाराला लेखनिक देण्याचा तो खटला होता.

कायदा मोडल्यास पहिल्यांदा १० हजारांपर्यंत आणि पुढे ५० हजार ते ५ लाखांपर्यंत दंड आहे. दाद मागायची तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे. आपलं दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यात आहे.

काम चुकतंय. मग तंबी द्यायचीच नाही का?

द्यायची, पण क्रम बघा. काम स्पष्ट सांगितलं होतं का? सोय मागितली होती का, दिली का? दिल्यावर पुरेसा वेळ गेला का? यानंतरही काम होत नसेल तर जे इतरांशी बोलता तेच बोला, लेखी आणि नेमकं. ‘अ‍ॅटिट्यूड सुधारा’ असं नको. ‘गेल्या सहा आठवड्यांत चार डिस्पॅच चलनांवर पार्ट नंबर चुकला’ असं.

२०२१च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने रविंदर कुमार धारीवाल यांच्या खटल्यात सांगितलं की मानसिक अक्षमता असलेल्या माणसावर कामाच्या नियमांवरून शिस्तभंगाची कारवाई ओढवण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, आणि अशी कारवाई हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरू शकतो. ते सीआरपीएफमध्ये अधिकारी होते. एचआरवाल्यांनी तो निकाल वाचावा. मेमोवर सही करण्याआधी, माझ्यासारखा नंतर नको.

मला निदान झालंय. ऑफिसात सांगू का?

याचं एक उत्तर नाही, आणि ‘सांगून टाक, मोकळं वाटेल’ असा सल्ला देणाऱ्याची नोकरी पणाला लागलेली नसते. आपल्याकडे भीती फक्त बढतीची नाही. गोष्ट ऑफिसातून सोसायटीत जाते, सोसायटीतून सोयरिकीत. एका मुलीने मला सरळ विचारलं होतं, “ताई, लग्न ठरेपर्यंत थांबू का?” तिला मी थांब म्हणाले. मला ते आवडलं नव्हतं, पण सल्ला तिच्या आयुष्यासाठी होता, माझ्या मतांसाठी नव्हता.

मधला मार्ग आहे. निदान न सांगता गरज सांगा. मॅनेजरला असं लिहून बघा:

“सर, तोंडी सांगितलेल्या कामांतलं एखादं माझ्याकडून सुटतं असं माझ्या लक्षात आलंय. काम सांगून झाल्यावर मी दोन ओळींचा मेल करत जाईन, त्यात चुकलं असेल तर दुरुस्त कराल का? आणि सकाळी दहा ते बारा मी मेसेज बंद ठेवले तर चालेल का? अर्जंट असेल तर फोन करा.”

यात आजाराचा शब्द नाही, कामाचा फायदा दिसतो, आणि बहुतेक साहेब हो म्हणतात. सरकारी नोकरीतली राखीव जागा हवी असेल तर मात्र अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, लागेल. ते स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून, सरकारी रुग्णालयात तपासणी करून मिळतं. बदली, बढती, रजा याबाबत जे बोलणं होईल ते लेखी ठेवा.

बायकांमध्ये हे कमी असतं ना?

कमी सापडतं. मुलगा वर्गात पळाला तर शाळा पालकांना बोलावते. मुलगी खिडकीतून बाहेर बघत बसली तर ‘शांत आहे हो’ म्हणतात. पुढे ती पाहुण्यांसमोर कसं हसायचं, किती बोलायचं, कधी आत जायचं हे सगळं पाठ करते, आणि ऑफिसात तेच करते. आठ तास नाटकात काम केल्यासारखं. घरी जाऊन कुणाशी एक शब्द बोलावासा वाटत नाही, आणि घरी तर दुसरी पाळी सुरू होते.

आमची मुलगी २२ वर्षांची आहे, ऑटिझम आणि थोडी बौद्धिक अक्षमता आहे. तिला काम मिळेल का?

मिळू शकतं, घाई न केल्यास. पहिले दोन-तीन महिने सोबत कुणीतरी, म्हणजे जॉब कोच, लागेल: बस कुठे बदलायची, जेवणाच्या सुट्टीत काय करायचं, रडू आलं तर कुणाकडे जायचं. काम शिकण्यापेक्षा हेच शिकायला वेळ जातो. ऑटिझम, बौद्धिक अक्षमता अशांसाठीच्या १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती बसते, त्यामुळे निरामय आरोग्य विम्यासाठी अर्ज करा, त्यात १ लाखापर्यंत खर्च मिळतो. आणि मुलाखतीला तिच्या वतीने तुम्ही उत्तरं देऊ नका. एक बाबा मुलीच्या प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरायचे. त्यांना मी चहा प्यायला बाहेर पाठवलं, तेव्हा ती बोलली.

वाढदिवसाचा केक कापताना तो दरवेळी गायब होतो. वाईट दिसतं.

बारा जण टाळ्या पिटत बेसूर गाताहेत, कुणीतरी तोंडाला क्रीम फासणार आहे, आणि सगळे आपल्याकडे बघताहेत. मीही जाते हल्ली, जिन्यात. त्याचा तुकडा पेपर डिशमध्ये घालून, वर टिश्यू ठेवून, त्याच्या कीबोर्डशेजारी ठेवा. पाच वाजेपर्यंत डिश रिकामी झालेली असते.